जॉन मॅक्लॉफ्लिन: गिटार सोडून ठेका ऐकला तेव्हा

खालीभरी

"फ्युजन म्हणजे कन्फ्युजन" हे वाक्य आमच्या घरात आबांनी इतक्या वेळा म्हटलंय की देवघरासमोर त्याची पाटी लावायला हरकत नव्हती. तरी जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज फ्युजन गिटारवादकाशी माझं नातं जमलं ते दादाने भरून आणलेल्या एका कॅसेटमुळे. लेबलवर निळ्या शाईत फक्त 'स्पॅनिश गिटार, ३ जण' असं लिहिलेलं. एका बाजूला ते तिघे (मॅक्लॉफ्लिन, पाको दे लुसिया, अल दि मिओला, ५ डिसेंबर १९८०ची सॅन फ्रान्सिस्कोची मैफल) आणि दुसऱ्या बाजूला आमच्या सरांनी सांगितलेला तबल्याचा तीनतालातला कायदा (ठरावीक बोलांची रचना), पलट्यांसकट. त्यामुळे आजही त्या गिटारी संपल्या की माझ्या डोक्यात आपोआप 'धाधा तिट धाधा तिंना' सुरू होतं.

पुढे पंधरा वर्षं मी मॅक्लॉफ्लिन ऐकला तो बाकीचे ऐकतात तसाच. किती वेगात वाजवतो, बोटं कशी पळतात, वगैरे. 'मेडिटेरेनियन सनडान्स'मधल्या त्याच्या तानांवर मी कॉलेजात भाषणं ठोकलीत. मग १५ डिसेंबर २०२४ला झाकीरभाई गेले. त्या आठवड्यात दुसरं काही ऐकवेना, म्हणून 'शक्ती' या मॅक्लॉफ्लिन-झाकीरच्या संचाची सगळी ध्वनिमुद्रणं काढून बसले आणि पहिल्यांदाच गिटारकडे दुर्लक्ष करून तबला ऐकला. आणि गंमत म्हणजे त्यामुळे गिटारच नीट ऐकू आली.

तेव्हापासून माझं एक मत झालंय, ते इथे ठेवते. हा गिटारवादक घडला तो तालवादकांच्या शेजारी बसून. त्याची कारकीर्द गिटारींच्या हिशोबाने लावू नका, समोर ताल धरून कोण बसलंय त्या हिशोबाने लावा.

बघा. जन्म ४ जानेवारी १९४२, यॉर्कशरमधलं डॉनकास्टर. आई व्हायोलिन वाजवायची. अकराव्या वर्षी हातात गिटार. लंडनमध्ये साठच्या दशकात पोटासाठी स्टुडिओत पडेल ते वाजवलं. जानेवारी १९६९मध्ये 'एक्स्ट्रापोलेशन' ही स्वतःची पहिली तबकडी ध्वनिमुद्रित केली, सॅक्सोफोनवर जॉन सरमन, ड्रम्सवर टोनी ऑक्सली. त्याच सुमारास जॅक डीजॉनेटने त्याच्या वादनाची टेप टोनी विल्यम्सला ऐकवली आणि टोनीने त्याला न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. म्हणजे एका ड्रमरने दुसऱ्या ड्रमरला हा गिटारवाला सुचवला!

न्यूयॉर्कला उतरून जेमतेम काही दिवस झाले असतील, तर १८ फेब्रुवारी १९६९ला हा जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या स्टुडिओत. 'इन अ सायलेंट वे'. कीबोर्डवादक जो झाविनुलच्या मूळ चालीत स्वरसंगतींची गर्दी होती, माइल्सने ती काढून टाकली आणि याला सांगितलं की गिटार येतच नाही असं समजून वाजव. मॅक्लॉफ्लिनने हा किस्सा अनेकदा सांगितलाय. तो नवखा, संकोचलेला हात त्या तबकडीत ऐकू येतो. पण तुम्ही पहिली बाजू लावा आणि टोनी विल्यम्सची झांज ऐका. तेवीस वर्षांचा पोरगा अठरा मिनिटं जवळजवळ एकच काम करतोय, टिकटिकटिकटिक. आपल्याकडे विलंबितात ठेका धरून बसणाऱ्याला जो संयम लागतो, तोच.

नंतर त्याच्याच महाविष्णू ऑर्केस्ट्रा या संचात बिली कोबम. मग 'शक्ती'त झाकीर आणि घटमवर विक्कू विनायकराम. मग त्रिलोक गुर्टू. नव्वदच्या दशकात जॉन कोल्ट्रेनचा ड्रमर एल्विन जोन्स. अलीकडे रणजित बारोट. ही यादी नीट बघितली तर माणूस आयुष्यभर काय शोधत होता ते कळतं.

एक जवळून दाखवते. 'शक्ती'च्या 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' (१९७६) मधली 'ला दान्स द्यु बोनर' लावा. सुरुवातीला वाद्य नाहीच, नुसती पढंत. कोन्नकोलचे, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या तालाचे बोल, तोंडाने, टाळ्या देत. मग तेच बोल वाद्यांवर उतरतात. आता गिटारचा पहिला तुकडा ऐका. स्वर बाजूला ठेवा, नुसते आघात ऐका. ते तालाचेच बोल आहेत हो! त-क-धि-मि, त-कि-ट. हा माणूस गिटारवर पढंत करतोय.

तुम्हाला काय वाटतं? त्याच्या कुठल्या काळापासून तुम्ही सुरुवात केलीत?

---

बोरिबंदर

सुंदर लेख. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पण ताई, एक दुखरी गोष्ट सांगू का? 'मेडिटेरेनियन सनडान्स'मध्ये मॅक्लॉफ्लिन नाहीच. त्या रात्री ती रचना पाको आणि दि मिओला दोघांनीच वाजवली. मॅक्लॉफ्लिन पुढच्या 'शॉर्ट टेल्स ऑफ द ब्लॅक फॉरेस्ट'मध्ये येतो, दि मिओलाबरोबर. पिंक पँथरची धून मध्येच टाकून लोकांना हसवतात ना, ती. तिघे एकत्र येतात ते दुसऱ्या बाजूला.

---

खालीभरी

अरे देवा. म्हणजे कॉलेजातली ती सगळी भाषणं...

---

कोपरखळी

पंधरा वर्षं चुकीच्या माणसाला दाद दिलीत. आमच्याकडे नाट्यसंमेलनात असं नेहमी होतं, चालायचंच.

---

बोरिबंदर

मूळ मुद्द्याला अनुमोदन आणि थोडी भर.

'इन अ सायलेंट वे'ची दुसरी बाजू ज्या धुनीने सुरू होते, तीच शेवटी परत येते. लोकांना वाटतं परत वाजवलीय. नाही. निर्माता टिओ मासेरो याने फीत कापून तोच तुकडा शेवटाला चिकटवला. म्हणजे आपल्याकडे मुखडा फिरून येतो तेव्हा गवई त्यात काहीतरी वेगळं करतो. इथे मुखडा आला तो अक्षरशः तोच, श्वासासकट. मॅक्लॉफ्लिनची ती दबकत वाजवलेली सुरुवात आपण एकाच तबकडीत दोनदा ऐकतो.

आणि 'महाविष्णू'वर तुम्ही एका ओळीत बोळवण केलीत, ते पटलं नाही. पाच माणसं पाच देशांची. हा इंग्रज, कोबम पनामाचा, जॅन हॅमर प्रागचा, रिक लेअर्ड आयर्लंडचा, व्हायोलिनवाला जेरी गुडमन अमेरिकन. 'द इनर माउंटिंग फ्लेम' १९७१, 'बर्ड्स ऑफ फायर' १९७३. नंतर तिसरी स्टुडिओ तबकडी लंडनला ट्रायडंट स्टुडिओत मुद्रित केली, पण तोवर आपसात फाटलं होतं. बाकीच्यांनाही आपापल्या रचना हव्या होत्या. १९७३ संपता संपता संच मोडला आणि ते मुद्रण बाहेर आलं थेट १९९९मध्ये. त्यात हॅमर, गुडमन, लेअर्ड तिघांच्याही रचना आहेत. ऐकताना वाईट वाटतं, कारण चांगल्या आहेत.

त्यानंतरचा महाविष्णू (झाँ-लुक पाँती, लंडन सिम्फनी, जॉर्ज मार्टिन वगैरे) मला भपकेबाज वाटतो. ज्याला आवडतो त्याने ऐकावा.

---

षड्जपंचम

धागा वाचला. विनम्रपणे असहमत.

ताल ठीक. पण रागाचं काय? मी 'शक्ती' दोनदा मन लावून ऐकलं. रागाचे स्वर घेतो हे खरं, पण राग चालत नाही, नुसते स्वर चालतात. कुठल्या स्वरावर थांबायचं, कुठला नुसता दाखवून सोडायचा, ही समज तिथे दिसत नाही. पाठीमागे दोन महान तालवादक बसवले की कुणीही शोभतं. आणि गोऱ्याने मांडी घातली की आपल्याला भरून येतं, हा जुना रोग आहे.

---

कोपरखळी

आली, आबांची पाटी आली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

खालीभरी

षड्जपंचम, तुमचं निम्मं मान्य. रागविस्तार ऐकायचा असेल तर माणसाने दुसरीकडे जावं, आणि 'शक्ती'त रागाची बाजू सांभाळतो तो एल. शंकर. त्याचं व्हायोलिन ऐका, तिथे तुमची थांबण्याची तक्रार राहणार नाही.

उरलेलं निम्मं मान्य नाही. हा गृहस्थ नुसता मांडी घालून बसलेला नव्हता. अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे तो वीणा शिकायला गेला होता, तेही महाविष्णू ऐन भरात असताना. आणि जेव्हा मांडी घातली तेव्हा काय सोडून घातली तेही बघा. भिंती हलवणारी विजेची गिटार, भरलेली मैदानं. 'शक्ती'चं पहिलं मुद्रण ५ जुलै १९७५चं, लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजातल्या मैफलीचं. त्यात एकच रचना जवळपास अर्धा तास चालते. रेकॉर्ड कंपनीला हे विकायचं कसं तेच कळेना. कौतुक करून घ्यायला याहून सोपे रस्ते होते हो.

आणि कुणीही शोभत नाही. झाकीर त्या वेळी चोवीस वर्षांचे होते, त्यांच्या अंगातली वीज त्या मुद्रणात मावत नाहीये. त्यांच्यासमोर सवाल-जवाबात टिकायला नुसता वेग पुरत नाही. 'जॉय' लावा. तिहाई (तीनदा घेऊन समेवर येणारा तुकडा) कुठे उचलायची हे ज्याला आतून मोजता येत नाही, तो समेवर तोंडावर पडेल.

---

भोपळा

मी मिरजेचा. सतारी बनवणाऱ्यांच्या शेजारात वाढलो, म्हणून नावही हे घेतलंय. (चांगले भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, हे जाता जाता.)

वाद्याबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'शक्ती'तली ती गिटार साधी नव्हती. गिब्सन या गिटार कंपनीने त्याच्यासाठी खास करून घेतलेली, करणारा एब वेक्टर. दोन गोष्टी वेगळ्या. एक, नेहमीच्या सहा तारांखालून, पोटावरच्या भोकावरून तिरप्या जाणाऱ्या आणखी सात तारा. आपल्या सतारीच्या तरफांसारख्या आपोआप गुणगुणायच्या, पण तो त्या बोटाने छेडायचाही. म्हणजे तरफ आणि चिकारी दोन्हीचं काम त्याच तारांवर.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पट्टीवर दोन पडद्यांच्या मधलं लाकूड कोरून काढलेलं होतं. साध्या गिटारवर बोट तार दाबतं तेव्हा खालच्या लाकडाला टेकतं. तार बाजूला ओढायला गेलात की बोट लाकडावर घासतं आणि मींड (तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणं) अर्ध्यात अडते. सतारीचे पडदे कमानीसारखे वर उचललेले, बोटाखाली मोकळी हवा, म्हणून चार-पाच स्वरांची मींड एका पडद्यावर निघते. वीणेचे पडदेही मेणावर उंच बसवतात. लाकूड कोरलं की गिटारलाही थोडीशी तीच सोय होते. सतारीएवढी नाही, तार ताठ असते. पण आंदोलन, हलकी गमक निघते.

शेजारच्या सतारी बनवणाऱ्या काकांकडे एका पोराने आपली गिटार आणली होती, "काका, अशी कोरून द्या" म्हणून. काकांनी पट्टी हातात घेतली, अंगठा फिरवला, म्हणाले, "हे मी कोरीन. पण उद्यापासून जोरात दाबलंस तर प्रत्येक स्वर चढा लागेल. आधी हात हलका करून ये." पोरगा परत आला नाही.

---

षड्जपंचम

भोपळा, हा प्रतिसाद फार आवडला. चढ्या स्वराचा मुद्दा लक्षात घेऊन परत ऐकतो. माझं मत बदललेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

---

रात्रपाळी

अवांतर: युरोपातला गिटारवाला म्हणजे मॅक्लॉफ्लिनच का? ॲलन होल्ड्सवर्थ कुणी ऐकतं का? तोही यॉर्कशरचाच, ब्रॅडफर्डचा. त्यालाही टोनी विल्यम्सने घेतलं होतं, १९७५च्या 'बिलीव्ह इट'मध्ये. म्हणजे तुमच्या ड्रमरच्या सिद्धांतात हाही बसतो. त्याला खरं तर सॅक्सोफोन वाजवायचा होता, हातात आली गिटार. म्हणून आघात लपवत लपवत, फुंकल्यासारखं वाजवायचा. 'मेटल फटीग' (१९८५) ऐका.

---

बोरिबंदर

होल्ड्सवर्थसाठी वेगळा धागा काढा, मी येतो. पण दोघांतला फरक इथे कामाचा आहे. होल्ड्सवर्थचा स्वर सुरू कधी झाला ते कळत नाही, मॅक्लॉफ्लिनचा प्रत्येक स्वर थाप मारल्यासारखा सुटा. एकाने आघात पुसला, दुसऱ्याने आघातावरच घर बांधलं. खालीभरींचा मुद्दा यामुळे पक्काच होतो.

---

रात्रपाळी

मान्य. आणि होल्ड्सवर्थ २०१७मध्ये गेला तेव्हा कफल्लक होता, अंत्यविधीसाठी चाहत्यांनी पैसे जमवले. वेगळा धागा काढतो.

---

माहीमची खाडी

त्रिलोक गुर्टूवर कुणीच का बोलत नाही? घरचा माणूस! शोभाताई गुर्टूंचा मुलगा, मुंबईत जन्मलेला. शोभाताईंची ठुमरी-दादरा ज्यांनी ऐकली त्यांना आणखी काय सांगायचं. त्रिलोकच्या १९८८च्या 'उस्फ्रेट'मध्ये त्या स्वतः गायल्यात, तेही ऐका.

मॅक्लॉफ्लिनबरोबरचं २७ नोव्हेंबर १९८९चं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधलं मुद्रण माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं काम. तिघेच, बासवर काय एकहार्ट. त्रिलोक ड्रमरसारखा स्टुलावर बसत नाही, जमिनीलगत अर्धवट गुडघ्यावर. तबला, ड्रम, घंटा, आणि पाण्याची बादली. वाजती घंटा पाण्यात बुडवतो आणि तिचा सूर वाकतो, मींड घेतल्यासारखा! 'मदर टंग्ज'मध्ये तोंडाने बोल म्हणायला लागतो तेव्हा सभागृहातली माणसं हसतात, मग गप्प होतात, मग टाळ्या. मुंबईतल्या ऱ्हिदम हाउस या कॅसेटच्या दुकानातल्या त्या काचेच्या खोलीत उभ्याने हे ऐकून मी त्या महिन्याचा पास सोडून कॅसेट घेतली होती. महिनाभर घरी उशिरा, कारण अर्धा रस्ता पायी.

---

खालीभरी

त्रिलोकबद्दल मीच सविस्तर लिहायला हवं होतं. घंटा-बादलीचं वाचून अंगावर काटा आला.

---

पाटलीणबाई

मी संगीतातली नाही, माझा नवरा यातला वेडा. जानेवारी २०२३मध्ये 'शक्ती' मुंबईत आली होती तेव्हा त्याने ओढून नेलं. मला गिटारवाले आजोबा आवडले. एक्क्याऐंशी वर्षांचे, पांढरे केस, ताठ. हाताला संधिवात होता म्हणून मध्यंतरी थांबायची वेळ आली होती, हे नवऱ्याने मध्यंतरात सांगितलं. मी नंतर त्यांच्या हाताकडेच बघत होते. पण त्याहून जास्त लक्षात राहिलं ते हे की झाकीरजी एकटे वाजवत होते तेव्हा आजोबांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि हाताने टाळी देत मात्रा धरल्या. बोटं मोजत. शाळकरी मुलासारखे! तुमचा लेख वाचला आणि तेच आठवलं.

शंकर महादेवन गायला लागले तेव्हा मात्र मला एकदम आपल्यातलं कुणीतरी वाटलं.

---

माहीमची खाडी

वाटणारच की. चेंबूरला वाढले, श्रीनिवास खळे काकांकडे शिकले. खळे काकांच्या चालीत जो सरळ दिसणारा आणि गाताना घाम काढणारा अवघडपणा असतो, तो पचवलेला माणूस 'शक्ती'त घाबरेल कशाला?

---

बोरिबंदर

नव्या लोकांसाठी धावती यादी: १९९७मध्ये 'रिमेंबर शक्ती' नावाने जुळवाजुळव, हरिप्रसाद चौरसियांची बासरी. मग यू. श्रीनिवास (मँडोलिन) आणि विक्कूंचा मुलगा सेल्वागणेश आले. डिसेंबर २०००च्या मुंबईतल्या मैफलींवरून 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे', त्यात शिवकुमार शर्मांबरोबरचा 'शृंगार' पंचवीस मिनिटांच्या वर जातो. श्रीनिवास २०१४मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, तिथे सगळं थांबलं. २०२३ला 'धिस मोमेंट', १९७७च्या 'नॅचरल एलिमेंट्स'नंतरचं 'शक्ती'चं पहिलंच स्टुडिओतलं काम. फेब्रुवारी २०२४ला त्याला ग्रॅमी.

मला विचाराल तर सत्तरच्या दशकातल्या 'शक्ती'त भांडण होतं, नंतरच्यात सौजन्य आलं. 'धिस मोमेंट' फार गुळगुळीत आहे. ग्रॅमी म्हाताऱ्यांना मिळालं, आनंद आहे.

---

पाटलीणबाई

भांडण कशाला हवं गाण्यात?

---

खालीभरी

हवं असतं हो पाटलीणबाई, थोडंसं. तबल्यात तर हवंच.

ज्यांना मोजत ऐकायचंय त्यांच्यासाठी: 'बर्ड्स ऑफ फायर' अठरा मात्रांत मोजा. 'डान्स ऑफ माया'ची सुरुवात दहाची, पण झपताल म्हणून धरू नका, खंड वेगळे पडतात आणि हात चुकतो. मध्ये ब्लूजची डुलती चाल येते. शेवटी सुरुवातीची ती आधीची चाल आणि ही डुलती चाल एकमेकांवर चढवलीय. दोन्ही एकाच वेळी मोजायचा प्रयत्न मी काल बसमध्ये केला. शेजारच्या आजींनी विचारलं, "बाळ, जप चाललाय का?"

मॅक्लॉफ्लिनने सेल्वागणेशबरोबर कोन्नकोल शिकवणारी एक डीव्हीडीही काढलीय, २००७ची. साठी उलटलेला गिटारवादक गिटार न घेता मांडीवर टाळी देत 'त-क-धि-मि' शिकवतोय. एवढं पुरे.

---

भोपळा

माझी सुरुवात कुणी विचारली नाही, तरी सांगतो. 'लोटस फीट'. सावकाश, साधी चाल. लहानपणी दुकानात जवारी लावताना काका तानपुरा तासन्‌तास छेडत बसायचे, त्या आवाजाच्या जवळ जाणारं तेवढंच एक विलायती काहीतरी मला सापडलं.

---

दादासाहेब फडताळे

(सदस्य झालो ते केवळ हा धागा वाचून.)

खालीभरी, तुझं खरं नाव इथे लिहीत नाही, पण ती कॅसेट माझी होती. सांगलीच्या हॉस्टेलवर एका मित्राच्या डेकवर रात्री दोन वाजता भरली होती, दोन्ही बाजू. दुसऱ्या बाजूला 'फ्रेव्हो रासगादो' होतं, त्यात मॅक्लॉफ्लिन आणि पाको. 'फँटासिया स्वीट' होतं, त्यात तिघे. आणि शेवटी 'गार्डियन एंजल', मॅक्लॉफ्लिनची स्वतःची रचना. म्हणजे तुझा माणूस बहुतेक सगळा त्याच बाजूला होता. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तू त्यावर सरांचा कायदा भरलास.

मी तेव्हा आईला सांगितलं नव्हतं. आता इथे सांगतोय.

---

खालीभरी

दादा, तो कायदा अजून येतो. कॅसेट रविवारी आणून देते.